स्लॅबला पाणी मारता, तसं माणसालाही पाजा

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातले बांधकाम व्यावसायिक, लेबर ठेकेदार, मुकादम आणि साइट इंजिनिअर

स. न. वि. वि.

स्लॅब पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. आळी घालून त्यात पाणी सोडलं जातं, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळलं जातं, आणि एक माणूस दिवसभर पाइप धरून फिरत राहतो. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं की साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारा, आणि हवा कोरडी-तापलेली असेल तर किमान १० दिवस. यालाच क्युरिंग म्हणतात. त्याचं रजिस्टर असतं, रजिस्टरवर सही असते, आणि एखाद्या दुपारी आळी कोरडी दिसली तर ठेकेदाराची खैर नसते. त्याच स्लॅबवर सळई बांधणाऱ्या माणसाच्या पोटात दिवसभरात किती पाणी गेलं, याची नोंद कुठल्या रजिस्टरात असते?

यंदा होळी झाली न झाली तोच काही साइटच्या गेटवर आणि मुकादमांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक सूचना दिसू लागली: ‘उन्हाळ्यामुळे कामगारांनी पिण्याचे पाणी सोबत आणावे.’ टँकर महागला, जारवाल्याचं बिल वाढलं, ही कारणं खरी आहेत. पण त्यावर काढलेला हा तोडगा आम्ही गप्प राहून मान्य करू शकत नाही. आम्ही बांधकाम कामगारांच्या आरोग्याचं आणि साइटवरच्या सुरक्षिततेचं काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि सेफ्टी ऑफिसर आहोत. पायात गोळे आलेला सेंट्रिंगवाला (स्लॅबचे साचे बांधणारा), चक्कर येऊन बसलेला बिगारी, लघवीला जळजळ होते म्हणून दोन दिवस खाडा करणारी बाई, हे सगळे शेवटी आमच्यासमोर येतात. पत्र तुम्हाला लिहीत असलो, तरी ज्यांचे फ्लॅट तुम्ही बांधता आणि जे ते विकत घेतात, त्या पुणेकरांनीही ते वाचावं.

आधी त्या बाटलीचा हिशोब करू.

उन्हात जड काम करणाऱ्या माणसाला ताशी सुमारे एक लिटर घाम येतो. सळई किंवा प्लेटा वाहणाऱ्याला दीड लिटरही येतो. तो भरून काढायचा तर दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिलि पाणी प्यावं लागतं. ताशी पाऊण ते एक लिटर. आठ तासांची हजेरी धरली तर कमीत कमी सहा लिटर. घरून आणलेली एक लिटरची बाटली दहाच्या चहाआधीच संपते. पन्नास माणसांच्या साइटला रोज ३०० लिटर, म्हणजे २० लिटरचे १५ जार नुसते प्यायला लागतात. हात-तोंड धुणं आणि डबा विसळणं यात धरलेलं नाही. तुमच्या जारवाल्याच्या वहीत रोजचे किती जार लिहिलेत ते एकदा पाहा आणि हजेरीपटाशी ताडून बघा. फरक दिसला, तर तेवढी माणसं दुपारनंतर कोरड्या अंगानं काम करताहेत असं समजा.

६० किलोच्या माणसाचं वजन घामावाटे १.२ किलोनं घटलं, म्हणजे दोन टक्क्यांनी, तरी कामाची गती उतरते आणि लक्ष विचलित व्हायला लागतं. तहान त्याच्या मागून, रमतगमत येते. परांचीवर उभ्या माणसाचं लक्ष विचलित होणं म्हणजे काय, हे तुमचं अपघातांचं रजिस्टर आमच्यापेक्षा नीट सांगेल.

कायद्याचंही एकदा बोलून टाकू. १९९६च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याच्या कलम ३२मध्ये स्वच्छ लिहिलं होतं: पिण्याजोगं पाणी पुरेसं हवं, सोयीच्या जागी हवं, तिथं बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत ‘पिण्याचे पाणी’ असं लिहिलेलं हवं, आणि ती जागा धुण्याच्या जागेपासून, मुतारी-संडासापासून ६ मीटरच्या आत नको. नोव्हेंबर २०२५पासून हा कायदा नव्या कामगार संहितांमध्ये विलीन झाला. पाणी पुरवायची जबाबदारी मात्र मालकावरून उठून कामगाराच्या पिशवीत गेलेली नाही.

आता तक्रारी.

पहिली तक्रार अंतराची. ‘पाणी आहे की साहेब, गेटजवळ ठेवलंय.’ गेट खाली, काम चौदाव्या मजल्यावर. होइस्ट, म्हणजे साइटची लिफ्ट, मालासाठी राखलेला, जिना उघडा, आणि एका फेरीत वीस मिनिटं जातात. काम उक्तं असेल तर ती वीस मिनिटं माणसाच्या खिशातून जातात. रोजंदारीवर असेल तर मुकादम खालून वर बघत असतो. मग माणूस जेवायच्या सुट्टीतच खाली येतो आणि तहानेच्या भरात एका दमात लिटरभर पाणी ढोसतो. पोट तडतडतं, मळमळतं, आणि त्यातलं बरंच पाणी तासाभरात लघवीवाटे निघून जातं. शरीराला थोडं-थोडं, पुन्हा-पुन्हा लागतं. अगदी तुमच्या स्लॅबसारखंच. सकाळी एकदाच टँकर रिकामा करून क्युरिंग होत नाही.

यावरचा उपाय जुना आहे. पाणक्या नेमा. मंडपात, लग्नात, शेतावरच्या मळणीत पाणक्या असायचाच. एका पाणक्यावर दोन-तीन मजल्यांपेक्षा जास्त टाकू नका. त्याच्याकडे तोटी असलेले, थंडावा टिकवणारे २० लिटरचे दोन जार द्या आणि होइस्टची ठरावीक वेळ त्याला लिहून द्या. त्यानं दर २० मिनिटांनी फेरी मारायची आणि ‘पाणी हवंय का’ असं विचारायचं नाही, पेला हातात द्यायचा. विचारलं की दहातले सात जण ‘नंतर’ म्हणतात. प्रत्येकाचा पेला किंवा बाटली वेगळी. जारात पेला बुडवायचा नाही. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

दुसरी तक्रार पाण्याची. हिच्यावर जरा जास्त लिहावं लागेल.

गच्चीवरची काळी टाकी एप्रिलच्या दुपारी इतकी तापते की तोटीतून आलेल्या पाण्यात चहाची पावडर टाकायचा मोह व्हावा. गरम पाणी माणूस पीत नाही, चूळ भरून थुंकतो. १५ ते २० अंशांचं पाणी सहज आणि जास्त प्यायलं जातं. त्यासाठी फ्रीज लागत नाही. पुण्यात एप्रिलमधली दुपारची हवा कोरडी असते, म्हणून रांजण इथं झकास काम करतो: छिद्रांतून पाझरलेलं पाणी बाहेरच्या अंगाला सुकताना आतली उष्णता घेऊन जातं. पण त्याला तीन गोष्टी लागतात. सावली, वारा, आणि बुडाखाली हवा खेळेल अशी तिवई. बंद स्टोअररूमच्या कोपऱ्यात किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकवून ठेवलेला रांजण नुसता मातीचा डबा असतो. बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं तर उत्तम. जुन्या रांजणाची छिद्रं क्षारांनी बुजली की तो गार करणं सोडतो, तेव्हा दरवर्षी नवा घ्या. आणि जूनमध्ये हवा दमट झाली की नवा रांजणही फारसा गार करत नाही. तेव्हा जारच लागतील. बर्फ टाकायचाच असेल तर लादी फोडून पाण्यात टाकू नका. न खाण्याचा बर्फ निळसर रंगाचा असावा असा नियम आहे, पण गोणपाटात गुंडाळून आलेल्या लादीचा रंग कोण बघतो? पिण्याच्या पाण्याच्या बंद बाटल्या गोठवा आणि त्या जारात सोडा.

आता शुद्धतेचं. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी भागात गुलेन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याकडे बोट गेलं, ते अजून कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर अनेक कामगार साइटचं पाणी बघूनच नाक मुरडतात आणि तहान मारतात. त्यांचं चूक म्हणता येणार नाही. त्यात बांधकामासाठी महापालिकेच्या प्रकल्पातलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरायचा नियम आहे. नियम चांगला आहे, धरणाचं पाणी त्यामुळे वाचतं. पण साइटवर दोन्ही टाक्या काळ्या, शेजारी-शेजारी, आणि पाइपही एकाच रंगाचा! संध्याकाळी घाईत कुणीतरी क्युरिंगचा पाइप पिण्याच्या टाकीत सोडतो, आणि आठवड्यानं अर्ध्या लेबर कॅम्पला जुलाब लागतात. जुलाब म्हणजे पुन्हा पाणी गेलंच.

म्हणून: पिण्याची टाकी निळी किंवा पांढरी, झाकण कुलपाचं, तोटीचा आकारच असा की क्युरिंगचा पाइप त्यावर बसू नये. दुसऱ्या टाकीवर मोठ्या अक्षरांत ‘पिण्यासाठी नाही’, मराठी, हिंदी, कन्नड, बंगाली, जी माणसं तुमच्याकडे असतील त्यांच्या भाषेत, आणि सोबत चित्र. टँकरचं पाणी टाकीत आलं की १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर लागते. ती थेट टाकीत भुरभुरायची नाही. बादलीभर पाण्यात आधी कालवून लगदा करायचा, चुना तळाशी बसू द्यायचा, आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओतून ढवळायचं. मग तासभर थांबायचं. शेवटी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे: नमुना पिवळसर झाला पाहिजे, म्हणजे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलंय. रंग आलाच नाही, तर एकतर पावडर मेलेली आहे (उघडं पोतं दमट जागी ठेवलं की तिचं बळ जातं) किंवा पाणी गढूळ आहे आणि क्लोरीन गाळानंच खाल्लं. गढूळ पाणी आधी निवळून घ्या, मग मात्रा वाढवून पुन्हा तपासा. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे. काँक्रीटची स्लम्प टेस्ट करणारा मुलगा हेही करू शकेल.

तिसरी तक्रार संडासाची. तिला पाण्याच्या पत्रात जागा कशी, असं वाटत असेल तर बायकांना विचारा. साइटवर काम करणाऱ्या बायका पाणी मुद्दाम पीत नाहीत. सकाळी निघताना नाही, दुपारपर्यंत तोंड ओलं करण्यापुरतं, कारण वर मजल्यावर जायला जागा नाही आणि खालच्या संडासाला कडी नाही. मग मूत्रमार्गाचे संसर्ग, जळजळ, मुतखडा, ताप. तुम्ही बायकांसमोर कितीही जार ठेवा, कडी लागत नाही तोवर ते भरलेलेच राहतील. पुरुष आडोसा शोधतात, आणि विकायच्या फ्लॅटच्या डक्टमध्ये वास येतो म्हणून इंजिनिअरसाहेब मुकादमावर खेकसतात. चालू कामाच्या दर चार-पाच मजल्यांमागे एक फिरता संडास, बायकांचा वेगळा, आत कडी, उजेड, पाणी आणि झाकणाची कचरापेटी. पाण्याच्या हिशोबातला हा खर्च आहे, सुशोभीकरणातला नाही.

त्याच संडासाच्या भिंतीवर एक रंगपट्टी लावा. लघवी लिंबू सरबतासारखी फिकट असेल तर ठीक. गडद पिवळी असेल तर पुढच्या तासात चार पेले. कोऱ्या चहासारखी असेल, आणि कमी होत असेल, तर काम थांबवून सावलीत, आणि डॉक्टरकडे. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेणाऱ्याची लघवी भडक पिवळी दिसते आणि बीट खाल्लेल्याची लालसर. तेवढ्यावरून कुणी घाबरू नये.

चौथी तक्रार मिठाची, आणि इथं हेतू चांगला असूनही गोंधळ होतो. घामाच्या एका लिटरमधून साधारण दोन-अडीच ग्रॅम मीठ जातं. कुणाचं कमी, कुणाचं खूप जास्त. शर्टावर पांढरे नकाशे उमटतात तो माणूस जास्तवाला. बहुतेकांचं मीठ जेवणातून भरून निघतं: भाकरी, आमटी, ठेचा, लोणचं. म्हणून जो नाश्ता न करता येतो आणि दुपारचा डबा अर्धा टाकतो, त्यालाच दोन-तीनच्या सुमारास पोटरीत गोळे येतात. अशा माणसानं नुसतं पाणी पीत राहणंही धोक्याचं. ताशी दीड लिटरच्या वर साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, उलटी होते, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. हे ऊन लागल्यासारखंच दिसतं आणि सोबतचे लोक त्याला आणखी पाणी पाजतात.

अकरा वाजता आणि तीन वाजता ताक द्या. पन्नास माणसांना पेलाभर द्यायचं तर ३ लिटर दही, ९ लिटर गार पाणी, आणि लिटरमागे अर्धा सपाट चमचा, म्हणजे एकूण सहा सपाट चहाचे चमचे मीठ. जिरेपूड हवी तर घाला. सकाळी घुसळलेलं ताक उन्हात दुपारपर्यंत आंबतं, तेव्हा तीनचं ताक तीनलाच करा. ताक चालत नसेल त्याला लिंबाचं पाणी: लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, एक लिंबू. साखर मुठीनं टाकायची नाही. गोडमिट्ट सरबत पोटातच रेंगाळतं, आणि फार गोड झालं तर उलट जुलाब लावतं. कोकम, पन्हं यांनाही हेच लागू. चहा बंद करायची गरज नाही. दोन कटिंगनं कुणाचं पाणी कमी होत नाही. रात्रीची दारू मात्र सकाळीच माणसाला कोरडा करून साइटवर आणते.

ओआरएसबद्दल ठेकेदारांचा गैरसमज असा की पाकिटं वाटली म्हणजे झालं. पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच विरघळवायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं: ग्लुकोज १३.५, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. हे प्रमाण उगाच ठरलेलं नाही. आतड्यात साखर आणि सोडियम जोडीनं आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. अख्खं पाकीट पेलाभर पाण्यात टाकलं तर ते इतकं खारट होतं की उलट पाणी बाहेर खेचतं. ‘थोडंथोडं’ म्हणून चिमूटभर बाटलीत टाकलं तर उपयोगच नाही. काही छोटी पाकिटं २०० मिलिसाठी असतात, तेव्हा पाकिटावरचं वाचा. कालवलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर ओता. आणि दुकानातल्या रंगीत, फळांच्या चवीच्या डब्या म्हणजे ओआरएस नव्हे. त्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५मध्ये मनाई केली, ती याचसाठी. ओआरएस रोज सगळ्यांना पाजायची गोष्टही नाही. ज्याला गोळे आले, उलटी-जुलाब झाले, किंवा जो दोन-तीन तास घामानं निथळतोय, त्याच्यासाठी ते ठेवा. बीपी, हृदय किंवा किडनीचा आजार असलेल्यानं डॉक्टरला विचारूनच घ्यावं.

अजून एक, जे कुणी बोलत नाही. अंगदुखीच्या गोळ्या. मुकादमाच्या खिशात डायक्लोफिनॅकची पट्टी असते आणि पाठ धरली की तो एक गोळी देतो. शरीर कोरडं असताना ही गोळी किडनीवर थेट घाव घालते. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड कामगारांमध्ये तरुण वयात किडन्या निकामी होण्याचं प्रमाण इतकं वाढलं की ‘पाणी, विसावा, सावली’ हा तिथल्या मळ्यांवर कामाचा भाग करावा लागला. आपला सेंट्रिंगवाला त्या उन्हापेक्षा सौम्य उन्हात काम करत नाही. गोळ्या वाटणं बंद करा.

पाचवी तक्रार नव्या माणसाची. गावाकडून, लग्नं-जत्रा आटोपून माणसं एप्रिलमध्ये परततात आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण हजेरीला उभी राहतात. उन्हामुळे होणारे कामावरचे मृत्यू मोठ्या प्रमाणात पहिल्या काही दिवसांतच होतात, कारण शरीराला ऊन अंगवळणी पडायला ७ ते १४ दिवस लागतात. अगदी नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम पाचव्या हिश्शाएवढंच द्या, आणि रोज तेवढंच वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण करा. जुना पण सुट्टीवरून आलेला असेल तर निम्म्यापासून सुरू करून चौथ्या दिवशी पूर्ण. उरलेला वेळ त्याला सावलीतलं काम द्या. प्लास्टरच्या खोल्या, स्टोअर, कटिंग. आणि मुरलेल्या माणसाला पाणी कमी लागतं, हा समज काढून टाका. मुरलेलं शरीर लवकर आणि जास्त घाम काढतं, फक्त त्यात मीठ कमी असतं. त्याला पाणी जास्तच लागतं.

सहावी तक्रार थोडक्यात. ‘हीटवेव्हचा अलर्ट आला की दुपारचं काम बंद करू’ असं तुम्ही म्हणता. सपाट प्रदेशात वेधशाळा उष्णतेची लाट साधारणपणे तेव्हा म्हणते, जेव्हा पारा ४० अंशांवर जातो आणि तो नेहमीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असतो. शिवाजीनगरच्या वेधशाळेचा, म्हणजे सिमला ऑफिसचा थर्मामीटर पांढऱ्या पेटीत, सावलीत, वाऱ्याला असतो. तुमचा माणूस तापलेल्या लोखंडी प्लेटांवर, खालून-वरून भाजत असतो. शिवाजीनगरला ३८ असताना लोहगाव-वाघोलीकडे बहुतेकदा त्याहून जास्त असतं. अलर्टची वाट बघणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. मार्चच्या मध्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत बारा ते चार उघड्या स्लॅबवर काम नको. साडेसहाला सुरू करा. स्लॅब टाकायचा दिवस मध्येच तोडता येत नाही, हे आम्हाला कळतं. मग तो पहाटे किंवा संध्याकाळी सुरू होईल असा आखा. काँक्रीटलाही तेच सोसतं, नाहीतर प्लांटवर पाण्यात बर्फ कशाला टाकता?

आणि इतकं करूनही माणूस पडला तर. अंग भाजत असेल आणि तो गोंधळलेला, असंबद्ध किंवा बेशुद्ध असेल, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरी. तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही. एकानं १०८ला फोन करायचा, दुसऱ्यानं गेटवर उभं राहायचं, कारण नव्या गल्लीतली साइट अँब्युलन्सला सापडत नाही. तोवर माणसाला सावलीत आणून कपडे सैल करा, ताडपत्रीवर झोपवा, चौघांनी कडा उचलून धरा आणि क्युरिंगच्या पाइपनं त्याला गळ्यापासून पायापर्यंत भिजवा. पाइप उन्हात पडलेला असतो, आधीचं उकळतं पाणी बाहेर सोडून द्या. आणि ते पाणी प्रक्रिया केलेलं असेल तर तोंड-डोळे चुकवा. जारातला सगळा गार साठा ओता, पुठ्ठ्यानं वारा घाला. तो शुद्धीवर येऊन कुडकुडायला लागला की थांबा. अँब्युलन्स येण्याआधीची ही दहा-पंधरा मिनिटंच जीव वाचवतात. आधी गाडीत घालून दवाखाना शोधत फिरू नका.

आमच्या मागण्या अशा:

१. ‘पाणी सोबत आणावे’ ही सूचना आजच मागे घ्या. माणशी दिवसाला किमान सहा लिटर गार पाणी साइटनं द्यायचं.

२. चालू कामाच्या प्रत्येक जागेपासून दोन मिनिटांच्या आत पाणी. उंच इमारतीत पाणक्या आणि त्याला होइस्टची वेळ. पाणी प्यायला थांबलेल्या वेळेचे पैसे उक्त्या कामातही कापायचे नाहीत. दर त्या हिशोबानं लावा.

३. पिण्याची टाकी वेगळी, कुलपाची. रोज ओटी टेस्ट, आणि त्याचा आकडा क्युरिंगच्याच रजिस्टरात, शेजारच्या रकान्यात. त्याच रकान्यात हजेरी आणि जारांची संख्या.

४. बायकांसाठी कामाच्या मजल्यांजवळ कडी लागणारा संडास. हा पंधरा दिवसांत.

५. बारा ते चार उघड्यावर काम बंद, आणि विसाव्याला खरी सावली. तापलेल्या पत्र्याच्या शेडला आम्ही सावली म्हणत नाही.

६. प्रत्येक ठेकेदाराच्या करारात वरच्या पाचही गोष्टी लिहिलेल्या. न लिहिलेली गोष्ट ठेकेदार ‘बिल्डरकडे बघा’ म्हणतो आणि बिल्डर ‘ठेकेदाराकडे’.

टाकीची जागा ठरवायला, पाणक्यांना आणि मुकादमांना शिकवायला, पहिली ओटी टेस्ट करून दाखवायला आम्ही येऊ. त्याचे पैसे घेणार नाही.

आपले,
बांधकाम कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका आणि सेफ्टी ऑफिसर, पुणे

ता. क. : रांजण धुताना साबण किंवा निरमा लावू नका, माती तो शोषून घेते आणि आठवडाभर पाण्याला वास येतो. काथ्यानं आतून-बाहेरून घासायचं, दोनदा विसळायचं, आणि रात्रभर पालथा घालून ठेवायचा. दोन रांजण असले की हे रोज जमतं.